१६ ऑक्टोबर, मुक्काम पोस्ट तानसा

लीप वर्ष नसेल तर हा वर्षातला २८९वा दिवस. राष्ट्रीय दिनदर्शिकेत २४ आश्विन. पावसाने नुकताच काढता पाय घेतलेला, तानसा तलाव काठोकाठ, माहुलीचा डोंगर अजून हिरवा आणि शहापूर-मुरबाडच्या शेतांत हळव्या भाताला विळा लागलेला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात या दिवसाला चार आकडे मिळतात: कमाल, किमान, सूर्योदय, सूर्यास्त. खरं तर शरदातल्या या एका दिवसाच्या पोटात इतका ऐवज भरलेला आहे की चार आकड्यांत तो मावणं अवघड. चला, उघडून बघू.

घड्याळात बारा, आकाशात बारा तेवीस

तानसा धरणावर १६ ऑक्टोबरला सूर्य उगवतो सकाळी ६ वाजून ३२ मिनिटांच्या सुमाराला आणि मावळतो संध्याकाळी ६ वाजून १४ मिनिटांच्या आसपास. दिवस ११ तास ४२ मिनिटांचा. या दोन वेळांचा बरोबर मध्य काढा. तो येतो दुपारी १२ वाजून २३ मिनिटांवर. तानशाची खरी मध्यान्ह तेव्हा होते.

कारण आपलं घड्याळ तानशाचं नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूची. तानसा सव्वात्र्याहत्तर अंशांवर. एका अंशामागे चार मिनिटं धरली की सूर्य तिथून आपल्याकडे पोहोचायला ३७ मिनिटं उशीर होतो. मग १२:३७ का नाही? पृथ्वी सूर्याभोवती एकाच वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. ऑक्टोबरच्या मध्याला तो १४ मिनिटं पुढे असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटांहून अधिक. फेब्रुवारीत गाडी उलटी फिरते आणि त्याच तानशाला मध्यान्ह व्हायला पाऊण वाजून जातो.

मुंबईकरांना ही स्थानिक वेळ एकेकाळी अंगवळणी पडलेली होती. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी तिच्याहून ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५पर्यंत तग धरून होती. एकाच शहरात दोन वेळा, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर!

संध्याकाळ जास्त घाई करते

ऑक्टोबर लागला की ‘दिवस लहान झाला’ असं वाटायला लागतं, पण ते जाणवतं संध्याकाळी. सकाळी फारसं नाही. यामागे पक्का हिशेब आहे. या दिवसांत तानशाचा दिवस रोज सुमारे एक मिनिटाने घटतो. त्यात सूर्योदय जेमतेम १८ सेकंद पुढे जातो, आणि सूर्यास्त ४४ सेकंद अलीकडे येतो. कापणीवरून परतणाऱ्याला आठवड्याभरात पाच मिनिटांचा उजेड कमी पडतो, तो असा.

आणखी एक गंमत. दिवस-रात्र समान असतात ती तारीख म्हणून आपण शाळेत २३ सप्टेंबर घोकतो. तानशाला मात्र बरोबर बारा तासांचा दिवस येतो २९ सप्टेंबरच्या आसपास. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात, आणि हवेच्या थरांतून प्रकाश वाकतो म्हणून क्षितिजाखालचा सूर्यही आपल्याला वर आलेला दिसतो. त्या दोन्हींची मिळून ही जवळपास आठवड्याची बक्षिसी. तानशाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस १३ तास १८ मिनिटांचा आणि सर्वांत लहान १० तास ५७ मिनिटांचा.

एक मीटरची काठी, चोपन्न सेंटिमीटरची सावली

१६ ऑक्टोबरला १२:२३ वाजता अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. सावली पडेल सुमारे ५४ सेंटिमीटर, आणि ती बरोबर उत्तरेकडे. होकायंत्राची गरज नाही. सूर्य तेव्हा क्षितिजापासून जवळपास ६२ अंशांवर असतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हीच काठी भर दुपारी सावलीच टाकत नाही. मात्र जुलैत ढगांच्या कृपेने हा शून्य सावलीचा दिवस आपल्या वाट्याला क्वचितच येतो.

मग एवढं उकडतं का?

सूर्य कललेला, दिवस आखडलेला, तरी ऑक्टोबरात घामाच्या धारा. ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द ठाणे जिल्ह्यातल्या वाड्या-पाड्यांवरही रुळलाय. सांताक्रूझच्या वेधशाळेच्या सरासरीत ऑक्टोबरचं कमाल तापमान मेच्या कमालाच्या अगदी शेजारी बसतं. तिथल्या ऑक्टोबराचा विक्रम ३८.६ अंश सेल्सिअसचा, तारीख १७ ऑक्टोबर २०१५. आपल्या दिवसाच्या जेमतेम एक दिवस पुढे.

कारणं तीन, आणि ती एकमेकांत गुंतलेली. मोसमी ढगांचं छत निघून जातं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा थांबतो आणि जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा सुरू होतो. हा पूर्वेचा वारा दुपारच्या समुद्रवाऱ्याला अडवून धरतो. किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत असलेल्या तानशापर्यंत ती झुळूक येईतो दुपार कलून जाते. त्यात चार महिने भिजलेली माती अजून ओलीच असते. उन्हाने त्या ओलाव्याची वाफ होते आणि घाम वाळायचं नाव घेत नाही.

या उन्हाची भरपाई रात्री होते. उघड्या आकाशाखाली जमीन झपाट्याने थंड होते. मुंबईत जुलैमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पाचेक अंशांचं अंतर असतं, ऑक्टोबरात ते दहाच्या घरात जातं. आत तानशाकडे, झाडीत आणि मोकळ्या शेतांवर, पहाटे गवतावर दव दिसायला लागतं. तलाव मात्र हट्टी. पाण्याला तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. भोवतालची माती गार पडते तेव्हा तलावाचं पाणी कोमटच असतं, आणि शांत पहाटे त्यावरून धुक्याचे पट्टे उठतात.

गारवा हवाच असेल तर माहुली गाठा. ८५८ मीटर उंचीचा हा किल्ला ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक. हजार मीटरला साडेसहा अंश, या ढोबळ नियमाने माथ्यावर तलावाच्या काठापेक्षा पावणेपाच अंशांच्या आसपास कमी तापमान मिळायला हवं.

काल रात्रीचा पाऊस आजच्या नावावर

समजा १५ ऑक्टोबरला रात्री नऊ वाजता शहापुरात गडगडाटी सर आली. हवामान खात्याच्या वहीत ती कोणत्या तारखेला जाईल? १६ तारखेला! पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. साडेआठच का? तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या जागतिक वेळांना एकदमच नोंदी घेतात.

वहीचे आणखी काही नियम. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तर तो ‘पावसाळी दिवस’ धरत नाहीत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की ‘मुसळधार’, ११५.६च्या पुढे ‘अति मुसळधार’ आणि २०४.५पासून ‘अत्यंत मुसळधार’. २६ जुलै २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस या शेवटच्या पायरीच्या चौपटीहून अधिक होता. ढग मोजायचे ते आठ भागांत. आकाशाचे मनाने आठ तुकडे करायचे आणि किती झाकलेत ते सांगायचं. जुलैत तानशावर सात-आठ हा रोजचाच आकडा, १६ ऑक्टोबरच्या सकाळी तो एक-दोनवर आलेला असतो.

तापमापक ज्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात ती बनवली स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याने. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. पेटी जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, आणि थेट ऊन आत येऊ द्यायचं नाही. म्हणूनच ‘आज छत्तीस अंश’ ही नेहमी सावलीतली गोष्ट असते. भाताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीला लागणारा आकडा वेगळाच.

आपल्याकडे या नोंदींची परंपरा जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, आणि १८४१पासून तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या सुरुवातीच्या काळात तिथे कामाला लागलेला एक पोरसवदा मराठी मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे केरूनाना म्हणून नावाजलेले, ‘ग्रहसाधनाची कोष्टकें’ १८६०मध्ये काढणारे, लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं गेलं. केरूनानांचं गाव नागाव तिथून जवळच.

तलावाचं खातं १ ऑक्टोबरला मिटतं

मुंबईचं पाण्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. महापालिका १ ऑक्टोबरला शहराला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांतला साठा बघते, आणि वर्षभर पाणीकपात करायची की नाही ते त्यावर ठरतं. सातांची एकूण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. हा आकडा ३६५ने भागून पाहा. रोजचे ३,९६५ दशलक्ष लिटर येतात. मुंबईला रोज साधारण एवढंच पाणी पुरवलं जातं! एका पावसाळ्यात भरायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं, असा हा काठावरचा हिशेब.

यात तानशाचा वाटा १ लाख ४५ हजार ८० दशलक्ष लिटर, म्हणजे दहा टक्के. एकट्या तानशावर अख्खी मुंबई काढायची म्हटली तर साधारण ३७ दिवस निघतील. शेजारचा भातसा एकटाच जवळपास निम्मा भार उचलतो. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यातले.

तानसा काठोकाठ भरला की आकडा येतो १२८.६३ मीटर. ही उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे. मुंबईच्या जुन्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या इमारतीच्या संदर्भाने ठरवलेल्या पातळीवरून ती मोजतात. शहापूरच्या जंगलातल्या पाण्याची उंची फोर्टातल्या इमारतीवरून मोजली जाते, हे मला फार बोलकं वाटतं. धरण दगडी, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, १८९२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते सुरू झालेलं. पाणी इथून शहराकडे निव्वळ उताराने निघतं.

तलाव ओसंडायची तारीख दरवर्षी बातमी होते. २०२२मध्ये तानसा १४ जुलैलाच भरून वाहिला. २०२०मध्ये त्याच तानशाने २० ऑगस्टपर्यंत वाट बघायला लावली. पाच आठवड्यांहून जास्त फरक, तोही दोन वर्षांत.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. शहापूर तालुक्यातल्या अनेक गाव-पाड्यांवर एप्रिल-मे उजाडला की टँकर येतात. तलाव डोळ्यांसमोर, जलवाहिनी शेजारून जाणारी, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरपाशी. रोज सकाळी सहाला महापालिका तलावांची पातळी नोंदवते आणि ती लगोलग जाहीर होते. या पाड्यांवरच्या विहिरींची पातळीही तशीच, रोज, त्याच बातमीत छापून यायला हवी. मोजलं जातं त्याची दखल घेतली जाते, न मोजलेलं विसरलं जातं.

दहा मिलिमीटर: एक आकडा, दोन अर्थ

१६ ऑक्टोबरला तानशावर दहा मिलिमीटर पाऊस पडला असं धरू. खात्याच्या भाषेत हा ‘हलका पाऊस’. तलावाच्या एका चौरस किलोमीटर पृष्ठभागावर या पावसाने एक कोटी लिटर पाणी पडतं. ऐकायला केवढं तरी वाटतं, पण शहराच्या वापरात ते साडेतीन मिनिटांत संपतं. भरलेल्या तलावाला याचं काही सोयरसुतक नसतं.

आता तोच पाऊस बांधापलीकडे बघा. इथे भाताच्या तीन जाती मुदतीवरून ओळखतात. हळवं लवकर तयार होणारं, निमगरवं मधलं आणि गरवं सावकाश पिकणारं. ऑक्टोबरच्या मध्याला हळवं कापून शेतात आडवं पडलेलं असतं. कापलेली कडपं दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचे, मग झोडणी. त्या दोन-तीन दिवसांत दहा मिलिमीटर पडला की दाणा भिजतो आणि शेतात पाणी साचलं तर लोंबीतच मोड फुटतात. पेंढा काळा पडतो, म्हणजे गुरांची वैरणही गेली. उभं गरवं भात वाऱ्यापावसाने आडवं होतं, ते वेगळंच. चार महिन्यांची मेहनत हातची जायला ‘हलका’ पाऊस पुरतो.

२०१९च्या शरदात हेच घडलं. त्या वर्षी मान्सूनची माघार सुरूच झाली ९ ऑक्टोबरला. इतका उशीर पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. मग महिना संपता संपता अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठलं. २७ ऑक्टोबरला ते महाचक्रीवादळाच्या दर्जाला पोहोचलं आणि अरबी समुद्राने असं वादळ २००७च्या ‘गोनू’नंतर पहिल्यांदाच पाहिलं. क्यार किनाऱ्यावर आलं नाही, पश्चिमेकडे निघून गेलं, तरी त्याने ओढून आणलेल्या पावसाने कोकणातलं कापणीचं भात कुजवलं. त्याच्याही दहा वर्षं आधी, ११ नोव्हेंबर २००९ला, ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर आलं होतं. शरद ऋतू निरभ्र असतो हे खरं, आणि अरबी समुद्रात चक्रीवादळं उठायचा दुसरा हंगाम ऑक्टोबरपासूनच सुरू होतो हेही खरं.

म्हणून हवामानाच्या अंदाजात मिलिमीटरच्या शेजारी पीक कोणत्या अवस्थेत आहे तेही लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. ‘१० मिमी, हळवं भात कापणीला’ एवढी एक ओळ शेतकऱ्याला ‘हलक्या सरी’पेक्षा कितीतरी जास्त सांगते.

पाऊस गेला, हे ठरवतो कोण?

सप्टेंबरात माघार सुरू होताना हवामान खातं तीन गोष्टी तपासतं: सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता घटलीय, आणि खालच्या थरात वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागलेत. राजस्थानातून ही माघार साधारण १७ सप्टेंबरला निघते. मुंबईतून पाऊस जाण्याची सरासरी तारीख २०२०पासून ८ ऑक्टोबर धरतात, त्याआधी २९ सप्टेंबर होती. प्रत्यक्षात २०२०मध्ये तो गेला २८ ऑक्टोबरला आणि २०२२मध्ये २३ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षी आपला १६ ऑक्टोबर पावसाळ्यातच मोडला!

शेतकऱ्याचं कॅलेंडर याच्या कितीतरी आधीचं. सूर्य ज्या नक्षत्रात, त्या नक्षत्राचा पाऊस. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतं. त्याचा गडगडाट करत येणारा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, आणि नवरात्रात मुली ज्या हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून भोंडला खेळतात तो हत्तीही हाच. १०-११ ऑक्टोबरला चित्रा, २३-२४ला स्वाती. १६ तारीख चित्रात येते. गंमत अशी की ज्या नक्षत्राचा पाऊस म्हणायचं ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री दिसतच नाही, कारण सूर्यच तिथे बसलेला असतो. १६ ऑक्टोबरच्या आसपास चित्रा तारा जवळपास सूर्यासोबतच उगवतो आणि मावळतो.

परतीच्या या सरी दुपारनंतरच का येतात? सकाळच्या उन्हाने ओली जमीन तापते, वाफ वर चढते, सह्याद्रीच्या कड्यांवर तिला आणखी उचल मिळते आणि दुपारी माळशेज-नाणेघाटाच्या माथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. जुलैत पाऊस समुद्राकडून येतो. ऑक्टोबरात वारा पूर्वेचा, म्हणून तो घाटावरून खाली मुरबाड-शहापूरकडे उतरतो. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. आकडा दहाच्या आत आला की शेत सोडून पक्क्या घरात, झाडाखाली मुळीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर आसपासच्या विजांची सूचना देतं. घरातल्या कोणाच्या तरी फोनवर ते असू द्या.

आता दिवे मालवा

सूर्य मावळल्यावर पूर्ण काळोख व्हायला सव्वा तास लागतो. साडेसातच्या सुमाराला आकाश तयार. नैर्ऋत्येला मुंबईचा उजेड क्षितिजावर पसरलेला दिसतो, पण उत्तर आणि पूर्व बऱ्यापैकी काळी असते. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात. उत्तर क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा, दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेशी तो सापडतो. त्याची उंची म्हणजेच आपला अक्षांश!

सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी दिसत नाहीत. ती जागा शर्मिष्ठा भरून काढते. पाच ताऱ्यांची ती वाकडीतिकडी रेघ ईशान्येला वर चढत असते, सोबत देवयानी, ययाती आणि शर्मिष्ठेचे वडील वृषपर्वा. महाभारतातलं हे सगळं कुटुंब शरदाच्या आकाशात एकाच भागात नांदतं. देवयानीत एक अंधूक, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे. तिथून प्रकाश निघून पंचवीस लाख वर्षं झाली. नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसणारी ही सर्वांत दूरची वस्तू. चंद्र नसलेली रात्र मात्र हवी.

साडेदहाच्या सुमाराला पूर्वेला मृग उगवतो. जूनमध्ये सूर्य याच नक्षत्रात होता आणि आपण पावसाची वाट बघत होतो.

पहाटे उठणाऱ्यांसाठी त्याहून मोठी मेजवानी. सव्वापाच-साडेपाचला दक्षिणेकडे तोंड करा. क्षितिजापासून सुमारे अठरा अंशांवर जो ठळक तारा दिसतो तो अगस्त्य. रात्रीच्या आकाशातला तेजात दुसरा, व्याधाच्या खालोखाल. १६ ऑक्टोबरला तो नेमका तांबडं फुटायच्या वेळी आपल्या सर्वोच्च जागी असतो. अगस्त्य उगवला की पाणी निवळतं, ही समजूत कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही आहे. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात अगस्त्य पहाटे दिसायला लागतो, त्याच सुमारास पावसाचा जोर ओसरतो, ओढ्यांचा गढूळ लोंढा थांबतो आणि गाळ खाली बसतो. तानशाचं पाणी ऑक्टोबरात नितळ होतं ते यामुळे. तारा पाणी निवळत नाही, पण निवळायची वेळ अचूक सांगतो.

२०२४चा तो १६ ऑक्टोबर

या तारखेचा आकाशातला सर्वांत श्रीमंत अलीकडचा दिवस निवडायचा तर हाच. त्या दिवशी कोजागरी होती, आपल्याकडची नवान्न पौर्णिमा. पौर्णिमा तिथी रात्री ८:४०ला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४:५५ला संपली. मध्यरात्री पौर्णिमा हवी म्हणून कोजागरी १६ला, पण चंद्र शंभर टक्के भरला तो १७ला दुपारी, आपल्या क्षितिजाखाली असताना. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता. त्या वर्षातली ही सर्वांत जवळची पौर्णिमा. मसाला दुधाच्या पातेल्यात उतरलेला चंद्र त्या वर्षीचा सर्वांत मोठा होता.

त्याच संध्याकाळी पश्चिमेला शुक्र चमकत होता आणि त्याच्या वर ‘सुचिनशान-ॲटलस’ हा धूमकेतू होता. चारच दिवस आधी, १२ ऑक्टोबरला, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळून, सात कोटी किलोमीटरवरून गेला होता.

एकोणीस वर्षं मागे जा. २००५मध्येही १७ ऑक्टोबरलाच पौर्णिमा होती, आणि खंडग्रास चंद्रग्रहणही. तिथी आणि तारखा दर १९ वर्षांनी जवळपास जुळतात. या १९ वर्षांत सात अधिक महिने येतात, पंचांगाचा मेळ त्याच्याच जोरावर बसतो.

जगात त्याच तारखेला

१९८७मध्ये १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ आलं आणि एका रात्रीत दीड कोटी झाडं आडवी झाली. २०१७च्या १६ ऑक्टोबरला लंडनमध्ये भरदिवसा आकाश पिवळं आणि सूर्य लालभडक झाला. ‘ओफेलिया’ वादळाने सहारातली धूळ आणि पोर्तुगाल-स्पेनमधल्या वणव्यांचा धूर उचलून तिकडे नेला होता.

तुमच्या अंगणातली वेधशाळा

सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाडापासून आणि छपरापासून दूर, उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. डब्याचं तोंड कितीही रुंद असो, उंचीचे मिलिमीटर हाच पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर. वहीत पाच रकाने पुरतात: पाऊस, आकाश आठपैकी किती झाकलेलं, वारा कुठून, दव पडलं का, आणि शेतात काय चाललंय. शहापूर-मुरबाडमधल्या एखाद्या आश्रमशाळेने ही वही १ ऑक्टोबर ते दिवाळीपर्यंत ठेवली, तर हळवं-गरवं कापणीच्या दिवसांतला नेमका पाऊस त्या गावाला पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांत कळेल. २१ ऑक्टोबरच्या रात्री मुलांना जरा उशिरापर्यंत जागू द्या. हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी तेव्हा जात असते, आणि मध्यरात्रीनंतर मृगाच्या बाजूने उल्का यायला लागतात. सहावा रकाना त्यांचा.